पाठीवर देणारा

आबांचा उजवा हात मी क्रेप बँडेजनं जॉयस्टिकला बांधायचो, तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही. तिचं ते न बोलणं मला जास्त टोचायचं. "बोल ना काय ते," मी म्हणायचो. "मी कुठं काय बोलले?" असं म्हणून ती आत जायची आणि भांड्यांचा आवाज जरा जोरात यायचा.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडचे. पस्तीस वर्षं त्यांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर पोती वाहिली. माणूस ठेंगणा, पण पाठ अशी की लहानपणी मी त्यांच्यावर उड्या मारायचो आणि ते पेपर वाचत पडलेले असायचे. निवृत्त झाले, जुईनगरच्या आमच्या वन-बीएचकेमध्ये आमच्याबरोबर राहायला आले आणि चांगली सात वर्षं खाली बाकावर बसून सगळ्या सोसायटीच्या पोरांना दम देत होते. मग मेंदूत गुठळी झाली. उजवी बाजू गेली.

पाय दोन महिन्यांत बऱ्यापैकी आला. तोंड सरळ झालं, बोलणं आलं, जाडंभरडं का होईना, पण आलं. हात मात्र येईना. खांद्यापासून नुसता लोंबायचा, ओला टॉवेल लटकवल्यासारखा. डॉक्टर म्हणाले होते, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्यात जे येईल ते येईल. नंतर फार आशा ठेवू नका." हे ऐकल्यापासून मी कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडत होतो.

खारघरवरून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून तीनदा यायची. ती मऊ चेंडू दाबायला द्यायची, लाकडी खुंट्या भोकांत घालायला द्यायची. आबा दोन मिनिटं करायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे. "पोरांची खेळनी," म्हणायचे. ती गेली की पुढचे दोन दिवस चेंडूला हात लावायचे नाहीत. मी समजावलं, विनवलं, मग ओरडलो. काही उपयोग नाही. उलट चौथ्या महिन्यात त्यांनी सांगून टाकलं, "मला गावाला नेऊन टाक."

टाक. जाऊन राहतो असं नाही, नेऊन टाक. गावाला जाऊन आबा काय करणार होते ते मला पक्कं ठाऊक होतं. ओसरीवर आडवे होणार आणि आडवेच राहणार. बायको म्हणाली, "जाऊ देत ना, हवापालट होईल." मी तिच्यावर असा खेकसलो की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

उपाय सांगणारे तर ढिगानं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पारव्याचं रक्त चोळा, लकव्यावर रामबाण. आता जुईनगरला पारव्यांना काय तोटा? आमच्या एसीच्या पत्र्यावर चार-पाच कायम घुमत बसलेले. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला माणूस, महापेला एका कंपनीत कॉम्प्युटर सपोर्टला आहे, पण खोटं कशाला बोलू, एका सकाळी मी खिडकीची जाळी सरकवून, हातात टॉवेल घेऊन पंधरा मिनिटं उभा होतो. पारवा माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याची मान धरायची माझी हिंमत झाली नाही. इतकी माझी गत झाली होती.

मी एवढा का पेटलो होतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. बायकोला वाटायचं, बापावर जीव आहे. जीव होताच. पण दुसरंही काही होतं, ते पुढे सांगतो. आत्ता नाही सांगवत.

एका रविवारी सकाळी वैतागून मी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर लावला. लग्नाआधीपासूनचा माझा नाद. खरं विमान उडवायचं स्वप्न चष्म्यानं खाल्लं, मग हे खोटं. त्यातही माझं आवडतं म्हणजे त्रिकोणी पंखांचं लढाऊ विमान. बायको त्याला समोसा म्हणते. आबा आजारी पडल्यापासून मी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला आणि माझं लक्षच नसल्यामुळे विमान धावपट्टीवर नुसतं धावत राहिलं. मागून आवाज आला, "का उचलंना त्ये?"

मी गर्रकन वळलो. आबा दिवाणावर बसून स्क्रीनकडे बघत होते. भिंतीकडे नाही, स्क्रीनकडे! कितीतरी आठवड्यांत त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तसा मी त्या प्रश्नाला लटकलो. तिथल्या तिथं त्यांची खुर्ची ओढली, हात उचलून जॉयस्टिकवर ठेवला. बोटं घसरली. मी बँडेज आणलं.

फिजिओवाल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "चालेल की. फक्त झटके नकोत. थोडंसं ओढायचं आणि धरून ठेवायचं. धरून ठेवणंच त्यांना जमत नाहीये." आणि हे विमान तर नेमकं त्याचसाठी जन्मलेलं. साधं प्रवासी विमान स्पीड आला की अर्धं आपणहून उठतं. याचं तसं नाही. याला शेपटीवरची आडवी पाती नसतात, जे काही आहे ते पंखांच्या मागच्या कडेला. दांडा ओढला की त्या पट्ट्या वर होतात आणि पहिल्या क्षणाला विमान उठायच्या ऐवजी उलट चाकांवर दाबलं जातं. वाटतं, काहीच होत नाहीये. नवखा माणूस तिथं घाबरतो आणि आणखी ओढतो. मग नाक भसकन वर जातं, तो एवढा मोठा पंख वाऱ्यापुढे भिंतीसारखा आडवा उभा राहतो, होता नव्हता तो स्पीड खाऊन टाकतो, शेपूट जमिनीला घासतं आणि धावपट्टी संपते. म्हणून हलकंच ओढायचं, क्षणभर थांबायचं, नाक बारा अंशांपर्यंत आलं की तिथंच धरायचं. त्यापुढं हाव करायची नाही.

हे मी आबांना दहा वेळा समजावलं. ते मान डोलवायचे. आणि स्पीड आला रे आला की खांद्यापासून सगळं अंग मागे टाकून, "हुप्प!" करून हिसका मारायचे. पोतं उचलल्यासारखं. विमान मांजरासारखं मागच्या पायांवर उभं राहायचं आणि धावपट्टीच्या टोकाला आदळून पेटायचं.

"माझा पाय चुकला," आबा म्हणायचे.

रोज हेच. सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास, संध्याकाळी आल्यावर तासभर. हुप्प, धाड, माझा पाय चुकला. पहिल्यांदा हसू आलं. दहाव्यांदा आलं नाही. आठवडे चालले होते, पाचवा महिना लागला होता, आणि हा माणूस हिसका सोडायला तयार नाही. "उतावळा नवरा न् गुडघ्याला बाशिंग," मी म्हणायचो. सुरुवातीला थट्टेनं, मग दात ओठ खाऊन.

एका संध्याकाळी माझा तोल गेला. ऑफिसात कोणाचं तरी ऐकून आलो होतो. आबांनी ओळीनं सहाव्यांदा विमान आपटलं आणि म्हणाले, "माझा पाय..."

"पाय कुठं आला मध्येच?" मी ओरडलो. "पायाचा काय संबंध? हात! हात चुकतोय तुमचा, हात! करायचंच नाहीये तुम्हाला. झोपायचंय नुसतं. जा मग गावाला, जा, पडा जाऊन!"

खालच्या बाकावरच्या गप्पा थांबल्या, इतका मोठा आवाज होता माझा. आबांनी डाव्या हातानं बँडेज सोडायला सुरुवात केली. एका हातानं गाठ सुटत नव्हती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. बायको आतून आली, तिनं गाठ सोडली, पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "लाज नाही वाटत?"

वाटत होती. पण तिला वाटत होतं त्या कारणानं नाही.

आता सांगतो. ज्या दिवशी आबा पडले, त्या सकाळी बायको माहेरी गेली होती. घरात मी आणि आबाच. मी बूट घालत होतो. आबा चहा पीत होते आणि कप त्यांच्या हातातून कलंडला. चहा लादीवर सांडला. ते म्हणाले, "हात जड लागतोय रं. मुंग्या आल्यात." मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. कंपनीची बस खाली हॉर्न देत होती. "हातावर झोपला असाल. बाम लावा आणि पडून राहा," म्हणालो आणि जिना उतरलो. बसमध्ये जागा मिळाली म्हणून खूशही झालो. दुपारी एकला शेजाऱ्यांचा फोन आला. आबा ओट्याजवळ पडले होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधी सुरू झाला? सकाळी काही जाणवलं होतं?" वेळेत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, हे मला तेव्हा ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "नाही, सकाळी ठणठणीत होते."

हेच मी बायकोला सांगितलं. बहिणीला सांगितलं. गावाकडच्या प्रत्येक फोनला सांगितलं. ठणठणीत होते हो. आणि त्या दुपारी घरी कपडे न्यायला आलो, तेव्हा बघितलं, लादी पुसलेली होती. कप धुऊन ओट्यावर पालथा घातलेला. हात चालत नसताना हे त्यांनी कसं केलं असेल, याचा विचार मी पाच महिने करत होतो. आबांचं बोलणं परत आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडण्याऐवजी टांगणीला लागला. आज बोलतील, उद्या बोलतील. ते बोलले नाहीत. मी मनाशी म्हटलं, आठवत नसेल.

त्या भांडणानंतर आबांनी जॉयस्टिकला हात लावला नाही. बॅग भरायला सांगितली. मी सुट्टी टाकली, रविवारी निघायचं ठरलं. कोणीतरी खबर दिली असणार, कारण शनिवारी संध्याकाळी खांदेश्वरहून काका आले. काका म्हणजे आबांचे मार्केटातले जोडीदार. आमच्याच तालुक्यातले. मार्केटात पोतं एकट्यानं कोणी उचलत नाही. एक वाकतो, दुसरा त्याच्या पाठीवर पोतं देतो. वीस-बावीस वर्षं काकांनी दिलं आणि आबांनी वाहिलं.

पिशवीभर पेरू घेऊन काका आले, आबांच्या पाठीत एक गुद्दा घातला, म्हणाले, "काय गड्या, पळून चाललास व्हय?" आबा हसले. किती दिवसांनी हसले. चहा झाला, मग काकांची नजर कॉम्प्युटरकडे गेली. "सूनबाई म्हनत हुती, विमान चालवतोस म्हनं. दाव की."

आबा नको नको म्हणत होते, पण काकांपुढं कोणाचं चालत नाही. मी गुमान बँडेज बांधलं. विमान धावलं. हुप्प. धाड. आबा म्हणाले, "माझा पाय चुकला."

काका खो खो हसले. मी चिडून म्हणालो, "काका, तुम्ही तरी सांगा हो यांना. इथं पाय कुठं आला?"

काकांचं हसू थांबलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला ठावं न्हाय? बापानं सांगितलं न्हाय कधी? आरं, पाठीवर देनारा मानूसच हाय. कधी वाकडं देतो, कधी घाईनं देतो, कधी ध्यानच नसतं त्याचं. पोतं खाली येतं, फुटतं, मुकादम बोंबलत येतो. तवा वाहनाऱ्यानं फुडं व्हायचं आन् म्हनायचं, माझा पाय चुकला. देनाऱ्याचं नाव न्हाय घ्यायचं. नाव घेतलं तर उद्या तुला पाठीवर देनार कोन?"

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"मंग! खोटंच की." काकांनी आबांच्या गुडघ्यावर थाप मारली. "ह्यो किती खोटं बोललाय माझ्यापायी, इचार."

आबा खाली बघत होते. मी उठून पाणी प्यायला गेलो.

परत आलो तर काका स्क्रीनसमोर वाकून बसले होते. "चुकतंय कुटं सांगू? ह्यो एकटाच उचलतोय. देनारा कुटं हाय? आमच्यात वाहनारा आपल्या मनानं उठत न्हाय. मागनं आवाज येतो, जाऊ दे, जाऊ दे... मंग, घे. आन् घे म्हनलं तरी सरळ न्हाय व्हायचं. चार पावलं वाकूनच चालायचं, वजन बसू द्यायचं. तवर देनाऱ्याचा हात पोत्याखाली. वाहनारा सोड म्हनंल, तवाच काढायचा." मग मला म्हणाले, "तू लांब उभा राहून वरडतोस. त्यानं काय व्हतंय? हात दे की खाली."

काका जेवून गेले. मी सकाळी लवकर उठलो. भरलेली बॅग दाराशी होती, गाडी दहाची होती. आबांची आंघोळ झाली, चहा झाला. मी म्हणालो, "आबा, एकदा. शेवटचं." त्यांनी दाराशीच्या बॅगेकडे बघितलं आणि उठून खुर्चीवर येऊन बसले.

बँडेज बांधलं नाही. त्यांची बोटं एकेक करून दांड्याभोवती बसवली. मी मागे स्टुलावर बसलो आणि माझा तळवा त्यांच्या कोपराखाली ठेवला. केवढं हलकं कोपर! पन्नास किलोचं पोतं वाहणाऱ्या माणसाचं कोपर होतं ते.

विमान सुटलं. "जाऊ दे," मी म्हणालो. आबांचा खांदा ताठला. "जाऊ दे... जाऊ दे... अजून जाऊ दे..." धावपट्टीचे दिवे मागे पळत होते. स्पीडचा काटा जागेवर आला.

"घे."

आबांनी ओढलं. दोन बोटं अंतर, जास्त नाही. आणि तो क्षण आला, विमान दाबलं जाण्याचा, काहीच होत नसल्याचा. इथं ते हिसका मारायचे. माझ्या तळव्यावर त्यांच्या स्नायूची थरथर कळत होती. मी ओरडलो नाही. नुसता हात दिलेला ठेवला. आबा थांबले. नाक उठलं. पाच, आठ, दहा. बारावर आलं आणि तिथं थांबलं, म्हणजे आबांनी थांबवलं. चाकांचा खडखडाट बंद झाला. धावपट्टीचं टोक खालून निघून गेलं.

मी आनंदानं नाचायला हवं होतं. पाच महिने ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते समोर होतं. पण ते कोपर माझ्या हातात होतं, आणि माझ्यानं राहवलं नाही.

"आबा, त्या सकाळी तुम्ही मला सांगितलं होतं. हात जड लागतोय म्हणून. मी ऐकलं होतं. ऐकून गेलो. आणि डॉक्टरांना सांगितलं की ठणठणीत होते."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. हाताला कणीक लागलेली. तिनं ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी हमसाहमशी रडत होतो, चाळिशीला आलेला माणूस, आणि तळवा तेवढा हलू देत नव्हतो.

आबांनी मान वळवली नाही. ते समोर बघत होते. निळं आभाळ येत होतं नुसतं. मग जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले, "तुजी बस आली हुती."

"आबा..."

"माझा पाय चुकला."

मला माहीत होतं ते काय आहे. कालच कळलं होतं. मी कोपर आणखी घट्ट धरलं. आबांची बोटं पांढरी पडली होती, पण दांडा मुठीत होता आणि नाक जागेवर होतं.

"सोड," आबा म्हणाले.

मला सोडवेना.

"आरं, बसलंय वजन. सोड."

मी हात काढून घेतला.